कापशीचा नैवेद्य

"पोट उघडा आन् त्यातलं इख काढून दावा," सोपान गुरव म्हणाले, आणि कापशीला त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

टेबल माझं लिहायचं होतं. त्यावर लसीकरणाचे कागद होते, अर्धा प्यायलेला चहा होता. एरवी मी तिथं कुणाला कोंबडीसुद्धा ठेवू दिली नसती. पण गुरवांचा चेहरा पाहून मी मुकाट्यानं कागद बाजूला ओढले. कापशी देवाच्या जुन्या शेल्यात गुंडाळलेली होती. मूळची पांढरीशुभ्र, हातात मावेल एवढी केसाळ कुत्री. पण शेला उलगडला तेव्हा ती कानापासून शेपटीपर्यंत पिवळी दिसली. भंडारा, दुसरं काय! चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेली होती आणि अंगावर खंडोबाचा भंडारा नाही असं माणूस किंवा जनावर त्या आठवड्यात बोरजाईत शोधून सापडलं नसतं. माझ्या स्कूटरच्या सीटवरून तो अजून निघाला नव्हता.

गुरवांच्या मागोमाग पोलीस पाटील आले होते, विलासराव जगदाळे. ते टेबलाजवळ आले नाहीत. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी तपास पूर्ण केला.

"बबन शेडग्यानं घातलंय. सगळ्या आळीला ठाऊक आहे. तुम्ही फक्त विषाचं नाव लिहून द्या, म्याडम. संध्याकाळी देवळात बैठक आहे."

"कसली बैठक?"

"दिवटीचा मान काढून घ्यायचाय. असल्या माणसाच्या हातात देवाची दिवटी शोभत नाही."

त्या गावात जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीला येऊन मला वर्ष झालं होतं, त्यामुळं हे किती मोठं आहे ते मला कळत होतं. खंडोबाची पालखी निघाली की तिच्यापुढं पेटती दिवटी धरून चालायचा मान शेडग्यांचा. बबनकडं दुसरं काही नव्हतंच. परसात गावरान कोंबड्या पाळायचा आणि अंडी विकायचा. पण त्या एका दिवशी पाटलांपासून सरपंचांपर्यंत सगळं गाव त्याच्या मागं चालायचं. यंदा दिवाळीआधी त्याची आई वारली, घरात वर्ष पाळत होते, म्हणून या वर्षापुरती दिवटी पाटलांच्या पुतण्यानं धरली होती. ती त्याच्या हातात चांगलीच बसली असावी, असं मला पाटलांच्या घाईवरून वाटलं.

"बबनवरच संशय कशावरून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात हिनं त्याची दोन पिल्लं मारली. तवा पारावर सगळ्यांसमोर बोलला होता, एक दिवस भाकरीत काहीतरी घालून देतो म्हणून," गुरव म्हणाले. "आन् चंपाषष्ठीला ही त्याच्या दारात गेली तर काठी घेऊन धावला तिच्यावर. माझ्या डोळ्यांदेखत."

हे सांगताना त्यांनी कापशीच्या डोक्यावरचा भंडारा बोटानं सारखा केला. देवळात मूर्तीचं करावं तसं. मग एकदम तोंड फिरवून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले.

कापशी गुरवांच्या लेकीची. मंजिरी तिचं नाव. पुण्यात परिचारिकेची नोकरी लागली तेव्हा खोलीवर कुत्री ठेवता येईना, म्हणून ती आईबापांकडं सोडून गेली. गुरवांनी आधी नाकं मुरडली. हे असलं खेळण्यातलं कुत्रं काय कामाचं, म्हणाले. महिन्याभरात ती देवळाच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसून आरती ऐकू लागली आणि गुरव तिथंच विरघळले. खंडोबाच्या गावात कुत्र्याला मान असतोच. त्यात ही गुरवाच्या घरची. आळीच्या लेखी ती देवाचीच कुत्री झाली.

दवाखान्यामागं सिमेंटचा एक ओटा होता, मेलेली जनावरं तपासायला. मी हातमोजे घातले आणि कामाला लागले.

मेलेलं जनावर खोटं बोलत नाही, असं आमचे कॉलेजातले सर म्हणायचे. त्यांनी हे सांगितलं नव्हतं की ते फारसं बोलतही नाही. आपल्यालाच विचारावं लागतं. मी आधी ओळखीची विषं विचारली. उंदराच्या काळ्या पावडरीला लसणासारखा वास येतो, तो नव्हता. शेतात टाकतात त्या दाणेदार औषधाचा उग्र वास डोक्यात जातो, तोही नव्हता. उंदराच्या दुसऱ्या औषधानं आत जागोजाग रक्त सांडलेलं असतं. इथं एक थेंब सांडलेला नव्हता. पोट रिकामं होतं. भंडाऱ्याबरोबर लोक नाणी उधळतात आणि कुत्री कधीकधी ती गिळतात, त्यातल्या जस्तानंही जीव जातो. म्हणून मी आतडं वीत वीत चाचपून पाहिलं. नाणंही नव्हतं.

मग मी तिला धुतलं. खरं तर ते आधी करायला हवं होतं, पण भंडारा धुऊन टाकायला माझा हात धजत नव्हता. बादलीभर पाण्यात पिवळं पाणी वाहून गेलं आणि केस पांढरे झाले. पण पोटाची कातडी पिवळीच राहिली. मी ओठ उलटून पाहिले. हिरड्या पिवळ्या. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. पाण्यानं भंडारा उतरला, पण त्याच्या खालचा पिवळेपणा उतरेना. कापशीला कावीळ झाली होती आणि देवाच्या हळदीखाली ती कुणालाच दिसली नव्हती.

त्यानंतर सगळं एकाच दिशेनं जाऊ लागलं. प्लीहा सुजलेली. मूत्राशयात कोऱ्या चहाच्या रंगाचं मूत्र. आणि रक्त पातळ, जणू कुणी त्यात पाणी ओतलंय. रक्त बाहेर कुठंच सांडलेलं नव्हतं. ते आतल्या आत, वाहता वाहता फुटलं होतं. असं गोचिडीच्या तापानं होतं, उंदरांच्या मुतातून येणाऱ्या रोगानं होतं, आणखीही एका कारणानं होतं. मी रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढला, निळ्या रंगात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

तांबड्या पेशींच्या कडेला निळे ठिपके होते. एकीला, दुसरीला, जवळजवळ प्रत्येकीला. पेशीच्या कडेवर गाठ आल्यासारखे. असं चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं आणि परीक्षेत काढलं होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होते.

"सापडलं?" पाटलांनी दारातून विचारलं.

"विष सापडलं नाही. पण कशानं गेली ते शोधायला मला तिनं काय काय खाल्लं ते कळायला हवं."

"प्रयोगशाळेत पाठवा की."

"पाठवते. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील. बैठक तेवढी पुढं ढकलता?"

पाटील हसले. बैठक काही पुढं जाणार नव्हती.

*

दुपारी मी गुरवांच्या घरी गेले. त्यांची बायको, हिराकाकू, चुलीपुढं बसल्या होत्या, पण चूल पेटवलेली नव्हती. त्यांच्याजवळ शेजारच्या अनसूयाबाई पवार होत्या. कुणी गेलं की बायका येऊन बसतात तशा त्या येऊन बसल्या होत्या, आणि माणूस नव्हे कुत्री गेलीय यात कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं.

"काकू, ती आजारी कधीपासून वाटत होती?"

"आजारी कुठं? दमली व्हती. चंपाषष्ठीला एवढं मिरवलं ना तिला. दुसऱ्या दिवशी निजूनच व्हती. मी म्हणलं, शीण आलाय." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "परवा तिथं, कोपऱ्यात, लाल डाग दिसला. मला वाटलं माजावर आली. पहिल्यांदाच यायची व्हती ना. मी हसलेसुद्धा, म्हणलं मंजिरीला फोन करून सांगावं."

लाल डाग म्हणजे मूत्र होतं.

"आणि चंपाषष्ठीला काय खाल्लं तिनं?"

हे विचारलं मात्र, दोघींचेही चेहरे पालटले. इतक्या दुःखातही त्यांच्या आवाजात अभिमान आला.

"काय खाल्लं काय विचारता? देवाचा नैवेद्य!" अनसूयाबाई म्हणाल्या. "गुरवकाकांनी तिला भंडारा लावला, कडेवर घेतली आन् अख्ख्या आळीत फिरवली. घरटी थांबत व्हते. कापशीनं ताटाला तोंड लावलं की मग आम्ही उपास सोडायचा."

"दरवर्षी असंच असतं?"

"कुत्र्याला नैवेद्य तर दरवर्षी असतो. पण आधी रस्त्यावरची कुत्री. ज्याच्या दारात जे येईल ते. यंदा म्हणलं, देवाची कुत्री घरात असताना रस्त्यावरची कशाला? गेल्या सालाला ही पिल्लू व्हती, घरातच ठेवलेली."

"सगळ्या घरांचं खाल्लं?"

"आमच्याकडचं तर ताट चाटूनपुसून साफ! जाऊबाईंकडं निम्मंच खाल्लं." अनसूयाबाई त्या आठवणीनं जरा खुलल्या. "ज्याच्या घरचं सगळं खाईल त्याचं वर्ष बरं जातं, असं गुरवकाकाच म्हणाले. मग काय, जो तो वाकून वाकून भरवत व्हता."

अनसूयाबाईंनी घरून आणलेल्या चहाची कपबशी मी खाली ठेवली. आळीत अठरा उंबरे होते. चंपाषष्ठीच्या ताटात काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या माहेरीही तेच असायचं.

"बबनरावांच्या दारात काय खाल्लं?"

"त्यो कशाला घालतोय!" अनसूयाबाईंचा आवाज कडक झाला. "काठी उगारली त्यानं. देवाच्या कुत्रीवर. म्हंजे तवाच त्याच्या मनात काळं व्हतं."

हिराकाकूंनी मात्र मान हलवली. "मला न्हाय वाटत गं. बबन तसा न्हाय." मग हळूच म्हणाल्या, "पण त्यो काही बोलतच न्हाय. न्हाय म्हणत न्हाय, व्हय म्हणत न्हाय."

*

बबन शेडगे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी शिवत बसला होता. चाळिशीचा, हाडकुळा माणूस. मला पाहून उठला आणि बसायला पोतं झटकून दिलं. पण डोळ्याला डोळा भिडवला नाही.

"बबनराव, संध्याकाळी बैठक आहे, माहीत आहे ना?"

"व्हय."

"कापशीच्या पोटात विष सापडलेलं नाही. तुम्ही तिला काही खायला घातलं होतं का?"

"आमच्याकडं कुठलं खायला? वर्ष पाळतोय. भरीत न्हाय, रोडगा न्हाय. सणाची चूलच पेटली न्हाय."

"मग तसं सांगा की सगळ्यांना. गप्प का बसलाय?"

त्यानं तार दातात धरून तोडली.

"काय सांगू, म्याडम? मीच मारलं तिला. लिवा तसं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय घातलंत?"

तो उठला, घरात गेला आणि दार लोटून घेतलं. बाहेर मी आणि कोंबड्या. एक तुरेबाज कोंबडा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की इथं तुमचं काय काम, असंच जणू विचारत होता. मला तरी कुठं माहीत होतं! काचपट्टीवर मला एक उत्तर मिळालं होतं आणि दारात त्याच्या बरोबर उलटं. मी परत दवाखान्यात गेले आणि पट्टी पुन्हा पाहिली. ठिपके होते तिथंच होते. भाकरीत कालवलेल्या कुठल्या विषानं असे ठिपके येत असतील, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

बैठकीआधी मी गुरवांना गाठलं. देवळाच्या मागच्या बाजूला ते तेलाच्या बुधल्या घासत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला सत्याचा राग आला होता. विष सापडलं असतं तर मी चार ओळी खरडून मोकळी झाले असते. आता मला एका म्हाताऱ्या माणसाला असं काहीतरी सांगायचं होतं की ऐकल्यावर त्याला रात्री झोप लागली नसती.

"काका, कापशी कांद्यानं गेली."

त्यांनी घासलेली बुधली खाली ठेवली आणि दुसरी हातात घेतली.

"कुत्र्याला कांदा सोसत नाही. कच्चा, शिजवलेला, पातीचा, कुठलाच. रक्त आतल्या आत फुटतं. लगेच कळत नाही, तीन-चार दिवसांनी जीव जातो. एखादा घास पोटात गेला तर काही होत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना होत नव्हतं, कारण ती पुष्कळ होती आणि ताटं वाटली जायची. ही एकटी होती, एवढीशी होती. आणि चंपाषष्ठीच्या भरितात..."

मला पुढं बोलावं लागलं नाही. चातुर्मासभर ज्या घरात कांदा-वांगं शिवत नाहीत, त्या घरात चंपाषष्ठीला कांद्याला हात आखडत नाही कुणी. भरितात वांगं शोधावं लागतं.

"घरटी," गुरव म्हणाले.

"हो."

"मी नेली घरटी."

त्यांच्या हातातली बुधली तशीच राहिली, तिच्यातून तेलाचा ओघळ मनगटावर आला आणि बाहीत गेला, तरी त्यांना कळलं नाही.

"निम्म्या आळीत तिनं तोंड फिरवलं व्हतं," ते म्हणाले. "पोट भरलं व्हतं तिचं. मीच म्हणलं, खा गं, लोकांचा उपास सुटायचाय. मी म्हणलं म्हणून खाल्लं तिनं."

*

देवळाच्या सभामंडपात आळी जमली होती. बबन आत आला नव्हता. वर्ष पाळत असल्यानं तो पायरीच्या खाली, जोड्यांच्या जागेपाशी उभा होता. पाटलांनी घसा साफ केला, पण त्यांच्याआधी गुरव उठले.

"कापशीला बबननं न्हाय मारलं," ते म्हणाले. "मी मारलं."

मंडपात चुळबुळ झाली. मग पाटलांनी मान डोलावली आणि फार मायेनं म्हणाले, "बघा. ह्याला म्हणतात देवाचा माणूस. दुसऱ्याचं पाप अंगावर घेतोय. काका, तुमचं मन मोठं, पण गावाला न्याय करावा लागतो."

"अहो, मी खरं..."

"बसा काका, बसा." दोघांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. एकानं पाण्याचा तांब्या पुढं केला. खरं बोलणाऱ्या माणसाला इतक्या प्रेमानं गप्प केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग मी उठले. जे गुरवांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. काविळीचं, लाल डागाचं, कांद्यानं रक्तपेशींवर येतात त्या निळ्या ठिपक्यांचं. अनसूयाबाई मधेच उभ्या राहिल्या.

"म्हंजे आमच्या नैवेद्यात इख व्हतं? देवाच्या ताटाला इख म्हंता तुम्ही?"

"तुमच्या ताटात विष नव्हतं, बाई. एका ताटानं काहीच झालं नसतं. पण सगळी ताटं त्या एवढ्याशा पोटात गेली."

"राहू द्या ती पुस्तकं," पाटील म्हणाले. "गुन्हेगार स्वतः कबूल झालाय. आज दुपारी म्याडमसमोर कबूल झाला की नाही ते त्यांनीच सांगावं. शेजारच्यांनी ऐकलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खोटं बोलता येईना आणि खरं बोलले तर बबन बुडत होता. मी पायरीपाशी गेले.

"बबनराव, दुपारी तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं. पण काय घातलंत ते सांगितलं नाहीत. आत्ता सांगा."

"काय न्हाय घातलं," तो म्हणाला.

"मग मारलं कसं?"

त्यानं देवळाच्या गाभाऱ्याकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, लोकांकडं नाही.

"माझ्या आईनं, तिच्या सासूनं, कुणीच देवाचं कुत्रं दारातून उपाशी धाडलं न्हाय. आई तर सणाला दोन रोडगे जास्त करायची, उशिरा आलेल्या कुत्र्यासाठी." त्यानं पायरीवर हात टेकला. "यंदा आई न्हाय. चूल थंड. आन् ही दारात येऊन उभी, शेपूट हालवत. गुरवकाका वर्ष पाळणारं घर म्हणून पुढं गेले, पर हिला काय कळतंय? कडेवरनं उतरली, उड्या मारत आत यायला बघत व्हती. माझ्या हातात द्यायला काय बी न्हवतं. मला बघवंना. काठी आपटली, हाड म्हणलं. गेली बिचारी. आन् देवानं चौथ्या दिवशी उचलली. माझ्या दारातून उपाशी गेली म्हणून उचलली. मग मी न्हाय तर कुणी मारलं?"

मग बायकांच्या बाजूनं हिराकाकू बोलल्या, बसल्या जागेवरूनच.

"पहिला घास आमच्या घरचा व्हता. मीच भरवला. कांदा हात सोडून घातला व्हता, तेलावर परतून, तिला आवडावा म्हणून." त्यांनी उजवा हात पुढं केला. "माझ्यापास्नं मोजा."

कुणी मोजलं नाही. पण अनसूयाबाई खाली बसल्या, आणि त्यांच्यामागं ज्या बायका उभ्या होत्या त्याही एकेक करून बसल्या. दुपारी ताट चाटूनपुसून खाल्ल्याचं सांगणाऱ्या अनसूयाबाईंनी पदर तोंडावर घेतला. पाटील काहीतरी म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि दुसऱ्यांदा म्हणायचं त्यांनी टाळलं.

बबन अजून माझ्याकडं बघत होता. आता पहिल्यांदाच डोळ्याला डोळा भिडवून.

"म्याडम, म्हंजे मी तिला उपाशी धाडली ते..." त्याला शब्द जुळवता येईनात. "ते बरं केलं?"

"हो," मी म्हटलं. "तेवढा एक घास तिच्या पोटात कमी गेला."

तो पायरीवर बसला आणि रडला. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता म्हणे. तेव्हापासूनचं सगळं त्या संध्याकाळी बाहेर पडलं. गुरव त्याच्या शेजारी जाऊन बसले.

दिवटीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढंही निघाला नाही. वर्ष सरलं तेव्हा पाटलांच्या पुतण्यानं ती मुकाट बबनच्या हातात दिली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. प्रयोगशाळेचा अहवालही यथावकाश आला. विष आढळले नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं. मी तो गुरवांना वाचून दाखवला आणि त्यांनी मान हलवली.

*

नंतर माझी बदली झाली, आणखी दोनदा झाली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण मार्गशीर्ष लागला की बोरजाईहून गुरवांचा फोन येतो. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं ते फोनवर देवळात ओरडावं तसे ओरडतात.

"म्याडम, रोडग्याला तूप लावलं तर चालंल न्हवं?"

"थोडं चालेल, काका."

"आन् दूध?"

"चालेल."

दरवर्षी हेच प्रश्न, दरवर्षी हीच उत्तरं. त्यांना उत्तरं पाठ आहेत हे मला ठाऊक आहे. एकदा विचारू नये ते मी विचारलं.

"आता कुत्र्याला घरटी नेता का?"

"छे! एकच ताट असतं आता, सगळ्या आळीच्या नावानं. नुसता रोडगा. भरीत न्हाय." मागं कुठंतरी घंटा वाजत होती. "बबनच्या दारात ठेवतो. दिवटीबरोबर हा मान बी त्याच्याकडंच दिलाय आळीनं."

"त्याच्याच दारात का?"

"अवो म्याडम," ते ओरडले, जणू मला एवढंही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलं, "तिला बाधलं न्हाय असं दार आख्ख्या आळीत एकच व्हतं."